चार-आठ घटकांसाठी हॅश कशाला? साध्या ॲरेवर सेट कसा लिहायचा

प्रोग्रामिंग शिकताना एक सूत्र फार लवकर डोक्यात बसतं. "हे यात आहे का?" असं विचारायचं असेल तर सेट वापरायचा, आणि सेट म्हणजे हॅश टेबल (घटकावरून एक आकडा, म्हणजे हॅश, काढून त्यावरून कप्पा ठरवणारं टेबल). सूत्राचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा मात्र सवयीने खरा वाटायला लागलेला असतो. शाळेच्या गणितात आपण ज्याला संच म्हणायचो, त्याच्या व्याख्येत हॅश कुठेच नव्हता. एक घटक दोनदा येणार नाही आणि विचारलं की आहे-नाही सांगता येईल, एवढंच त्यात होतं. ते आतून कसं साधायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि घटक मोजके असतील तर साधा ॲरे ते काम बहुतेक वेळा स्वस्तात करतो.

मला हे उशिरा कळलं. मी एक टूल लिहिलं होतं. कुठली फाइल कुठल्या फाइलींवर अवलंबून आहे याचा आलेख ते तयार करायचं. भाषा जावा. आलेखात दहाएक लाख नोड, म्हणजे फाइलींचे बिंदू, आणि प्रत्येक नोडपाशी शेजाऱ्यांचा एक हॅशसेट. मोठ्या प्रोजेक्टवर चालवलं की मेमरी संपून टूल कोसळायचं. आधी मी लीक, म्हणजे काम संपूनही अडकून पडलेली मेमरी, शोधत बसलो. लीक नव्हतीच. शेवटी सगळ्या सेटमध्ये किती किती घटक आहेत ते छापून पाहिलं, तर बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन. काहींत शून्य. अगदी थोड्या नोडांना मात्र हजारोंनी शेजारी होते.

आता हिशोब बघा. नेहमीच्या ६४-बिट जावामध्ये, म्हणजे संदर्भ (ऑब्जेक्ट मेमरीत कुठे आहे ते सांगणारे पत्ते) ४ बाइटचे धरले तर, हॅशसेट हे ऑब्जेक्ट १६ बाइटचं. त्याच्या पोटात हॅशमॅप असतो, तो ४८ बाइट. त्याचं १६ कप्प्यांचं टेबल ८० बाइट. शिवाय प्रत्येक घटकामागे एक नोड (आलेखातला नव्हे, टेबलातली नोंद), ३२ बाइटचा. तीन घटकांचे ९६. एकूण २४०. साठवायचे होते तीन संदर्भ, म्हणजे १२ बाइट! तेच चार जागांच्या ॲरेत ठेवलं तर ॲरेचे ३२ आणि त्याला गुंडाळणाऱ्या ऑब्जेक्टचे २४, मिळून ५६. दहा लाखांनी गुणलं की २४ कोटी बाइट विरुद्ध ५ कोटी ६० लाख.

तर हा सेट हाताने लिहूया. खालचा कोड कुठल्याच भाषेतला नाही, मराठी शब्दांत मांडलाय. तुमच्या भाषेत उतरवून घ्या, फार तर पन्नास-साठ ओळी होतील.

पायरी १: आधी करार

कोड लिहायच्या आधी हा सेट बाहेरच्या जगाला काय देणार ते लिहून काढा. चार कामं पुरतात: आहे_का, घाल, काढ, किती. यातलं "घाल" काहीही न सांगता गप्प बसलं तर चालणार नाही. घटक नवीन होता तर "खरं", आधीपासून होता तर "खोटं", असं त्याने परत सांगायला हवं. "काढ"चंही तसंच. नवखे लोक हे उत्तर फुकट घालवतात, आणि मग असं लिहितात:

    जर आहे_का(नोड) नसेल तर
        घाल(नोड)
        रांगेत_टाक(नोड)

यात तोच शोध दोनदा होतो. "घाल"चं उत्तर वापरलं की एका ओळीत भागतं: जर घाल(नोड) तर रांगेत_टाक(नोड).

पायरी २: एक ॲरे, एक आकडा

    रचना छोटासेट
        घटक  : रिकामा ॲरे
        मोजणी : ०

ॲरेची लांबी आणि मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्कं असू द्या. ॲरेची लांबी म्हणजे किती जागा राखून ठेवल्या आहेत, मोजणी म्हणजे त्यातल्या किती भरल्या आहेत. इंडेक्स ० पासून मोजणी-१ पर्यंतचा भाग आपला. त्यापुढच्या जागांत काय पडलंय त्याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही. "लूप ० ते लांबी" असं चुकून लिहिलंत की रिकाम्या जागाही घटक म्हणून मोजल्या जातात. ही चूक तुम्ही एकदा तरी करालच.

सुरुवातीला ॲरे घेऊच नका. पहिला घटक आला की चार जागा घ्या. वरच्या गोष्टीत कितीतरी सेट जन्मभर रिकामेच होते, त्यांना जागा देऊन काय मिळालं असतं?

पायरी ३: शोध

    फंक्शन जागा(क)
        लूप आय = ० ते मोजणी-१
            जर समान(घटक[आय], क) तर रिटर्न आय
        रिटर्न -१

    फंक्शन आहे_का(क)
        रिटर्न जागा(क) >= ०

बस. समोरून सुरुवात करायची, सापडलं की थांबायचं. आठ घटक असतील आणि हवा तो नसेलच, तर आठ तुलना. असेल तर सरासरी साडेचार.

हे मंद वाटतं, कारण पुस्तकात याला ओ-ऑफ-एन म्हणतात, म्हणजे घटक वाढतील तसा वेळ वाढतो, आणि हॅशला ओ-ऑफ-वन. पण ओ-ऑफ-वनचा अर्थ "घटक वाढले तरी वेळ वाढत नाही" इतकाच आहे. तो वेळ मुळात किती, याबद्दल ती खूण गप्प असते. हॅश टेबलात शोधायचं तर आधी हॅश काढा. स्ट्रिंग असेल तर त्यासाठी तिची सगळी अक्षरं फिरा. (जावा तो आकडा स्ट्रिंगमध्येच साठवून ठेवतं, पण नवी स्ट्रिंग आली की पहिल्यांदा फिरावंच लागतं.) मग कप्पा शोधा, कप्प्यातून नोडकडे जा, नोडमधून किल्लीकडे (म्हणजे साठवलेल्या घटकाकडे), आणि शेवटी तुलना करावी लागतेच. या प्रत्येक उडीत मेमरीचा लांबचा कोपरा गाठावा लागू शकतो. ॲरेत मात्र सगळं शेजारी शेजारी असतं. प्रोसेसर मेमरी एकेक बाइट उचलत नाही, पट्टी उचलतो. बहुतेक संगणकांवर ही पट्टी ६४ बाइटची असते. ४ बाइटचे १६ आकडे एका पट्टीत मावतात, म्हणजे पहिल्याला हात लावला की उरलेले पंधरा आपसूक जवळ आलेले असतात.

एक प्रामाणिक पुस्ती जोडतो. ॲरेत आकडे नसून ऑब्जेक्टचे संदर्भ असतील तर शेजारी असतात ते संदर्भ. खरी ऑब्जेक्टं कुठेही विखुरलेली असू शकतात, आणि तुलनेसाठी त्यांच्यापर्यंत जावं लागतं. तेव्हा फायदा कमी होतो, मेमरीचा मात्र तेवढाच राहतो.

पायरी ४: घालणं

    फंक्शन घाल(क)
        जर जागा(क) >= ० तर रिटर्न खोटं
        जर मोजणी == लांबी(घटक) तर वाढव()
        घटक[मोजणी] = क
        मोजणी = मोजणी + १
        रिटर्न खरं

"वाढव"मध्ये मोठा ॲरे घ्यायचा आणि जुने घटक त्यात उतरवायचे. शून्य असेल तर चार, नाहीतर दुप्पट. एकेका जागेने वाढवू नका, दर वेळी सगळं उतरवत बसावं लागेल. दीडपट की दुप्पट यावर डोकं खाजवत बसू नका, आपले सेट लहान आहेत.

पायरी ५: काढणं, जिथे सगळ्यांचा पाय घसरतो

मधला घटक काढला की खड्डा पडतो. तो बुजवायचे दोन मार्ग. पुढचे सगळे एकेक घर मागे सरकवा, म्हणजे क्रम टिकतो. नाहीतर शेवटचा उचलून खड्ड्यात टाका. हे एका फटक्यात होतं, पण क्रम मोडतो. सेटला क्रमाची गरज नसते, म्हणून मी दुसरा मार्ग घेतो.

    फंक्शन काढ(क)
        आय = जागा(क)
        जर आय < ० तर रिटर्न खोटं
        मोजणी = मोजणी - १
        घटक[आय] = घटक[मोजणी]
        घटक[मोजणी] = नल
        रिटर्न खरं

[७, ३, ९, ४] यातून ३ काढा. मोजणी ४ ची ३ होते. इंडेक्स ३ वरचा ४ उचलून इंडेक्स १ वर ठेवला, झालं [७, ४, ९, नल]. शेवटचाच घटक काढायचा असेल तर? तेव्हा आय आणि मोजणी एकच. घटक स्वतःवरच लिहिला जातो आणि मग नल होतो, वेगळी अट लागत नाही. नल करायची ओळ आधी आणि उचलायची नंतर लिहिलीत तर मात्र खड्ड्यात नल जाऊन बसेल. क्रम तपासा.

ती नल करायची ओळ उगाच नाही. मोजणी कमी केली म्हणजे आपल्या दृष्टीने घटक गेला, पण ॲरेत त्याचा संदर्भ पडूनच आहे, आणि गार्बेज कलेक्टर (नको झालेली ऑब्जेक्टं मेमरीतून काढणारा) मोजणी वाचत नाही. त्याला संदर्भ दिसतो, तो ऑब्जेक्ट जिवंत ठेवतो. नुसते आकडे साठवत असाल तर ही ओळ सोडा, फरक पडत नाही.

क्रमाबद्दल एक गोष्ट. घटक कधीच काढत नसाल तर हा सेट आपोआप घातलेल्या क्रमानेच फिरतो. चाचण्या लिहिताना ही फार सोयीची गोष्ट आहे. जावा ९ मधल्या सेट-डॉट-ऑफने बनवलेल्या सेटचा क्रम मुद्दामच प्रोग्रॅमच्या प्रत्येक रनमध्ये बदलता ठेवलाय, लोकांनी त्यावर विसंबू नये म्हणून. आपल्या सेटच्या क्रमावर लोक विसंबतील, आणि ज्या दिवशी कुणी "काढ" वापरेल त्या दिवशी ओरडतील. कागदोपत्री "क्रमाची हमी नाही" असं लिहून ठेवा.

पायरी ६: समान म्हणजे काय?

वर "समान" असं फंक्शन मी मुद्दाम उघडं सोडलं होतं. हॅशसेट वापरताना हा प्रश्न ग्रंथालयाने, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडने, सोडवलेला असतो. इथे तुम्ही मालक.

जावामध्ये माझा पहिला ॲरे-सेट मी दोन बरोबरच्या चिन्हांनी लिहिला होता. ते चिन्ह ऑब्जेक्टांची ओळख तपासतं, किंमत नाही. तरीही चाचण्या हिरव्या आल्या, सगळ्या! कारण असं की -१२८ ते १२७ मधल्या आकड्यांची इंटिजर ऑब्जेक्टं जावा आधीच बनवून ठेवतं आणि दर वेळी तीच हातात देतं. माझ्या चाचण्यांत आकडे होते १, २, ३, ५. दोनदा ५ घातला तर खरोखर तेच ऑब्जेक्ट दोनदा येत होतं. १२८ घातला असता तर पहिल्याच फेरीत दोन सारखे घटक सेटमध्ये बसलेले दिसले असते. ते मला प्रत्यक्ष चालत्या टूलमध्ये दिसले, नोडांचे आकडे लाखांत असल्यामुळे. जावात इक्वल्स वापरा. तुमच्या भाषेत किंमत तपासणारी जी रीत असेल ती वापरा.

दशांश आकडे असतील तर एनएएन ("हा आकडाच नाही" असं सांगणारी खास किंमत) आठवा. ती किंमत स्वतःशीच समान नसते. साध्या तुलनेने शोधलंत तर सेटमध्ये असूनही "नाही" असं उत्तर येणार, आणि दर वेळी "घाल" म्हटलं की आणखी एक एनएएन आत.

आत घातल्यावर बदलणारे घटक हा तिसरा त्रास. इथे ॲरेचं वागणं हॅशपेक्षा वेगळं आहे आणि ते माहीत असावं. हॅशसेटमध्ये घातलेल्या ऑब्जेक्टचं एखादं फील्ड बदललं की त्याचा हॅश बदलतो. ते जुन्या कप्प्यात, आपण शोधतो नव्या कप्प्यात. सेटमध्ये आहे, पण सापडत नाही. ॲरे सगळे घटक बघत जातो, त्यामुळे त्याला सापडतं. पण बदल करून दोन वेगळे घटक सारखे झाले तर ॲरेलाही कळत नाही, आणि करार मोडतो. बदलणारी गोष्ट सेटमध्ये न ठेवणं हाच खरा उपाय.

पायरी ७: फिरता फिरता काढू नका, काढायचंच तर उलटे फिरा

[४, ७, ९, ६] मधून सम आकडे काढायचे आहेत. पुढे जाणारा लूप लिहिला. आय = ०, तिथे ४, सम, काढला. शेवटचा ६ आला इंडेक्स ० वर: [६, ७, ९]. आय झाला १. ७, विषम. आय २. ९, विषम. संपलं. ६ तसाच बसलाय, कारण तो आपण तपासून पुढे गेलेल्या जागेवर येऊन बसला.

आता उलटं. आय = ३, तिथे ६, काढला: [४, ७, ९]. आय २, ९. आय १, ७. आय ०, ४, काढला, त्याच्या जागी ९ आला: [९, ७]. खड्ड्यात आलेला ९ आधीच तपासलेला होता, म्हणून काही सुटलं नाही.

सेट दुसऱ्या कुणाच्या हातात फिरत असताना तिसऱ्याने काढलं तर उलटं फिरूनही उपयोग नाही. एखादी घटना घडली की कळवायचं अशा श्रोत्यांची यादी असते, तिथे हे नेहमी होतं: श्रोता निरोप मिळताच स्वतःचं नाव काढून घेतो. जावात त्यासाठी कॉपीऑनराइटॲरेसेट तयारच आहे, आतून ॲरेवरचाच. प्रत्येक बदलाला तो अख्ख्या ॲरेची नवी प्रत करतो, आणि जो फिरतोय तो जुन्या प्रतीवर निवांत फिरत राहतो. वाचणारे खूप आणि बदल क्वचित, असं असेल तेव्हाच हे परवडतं.

पायरी ८: घाऊक भरणी

प्रत्येक "घाल" आधी शोध घेतो. वेगवेगळे आठ घटक घातले तर २८ तुलना, कुणाला कळणारही नाही. हजार घातले तर ४,९९,५००. एक लाख घातले तर जवळजवळ ५०० कोटी, आणि तुमचा प्रोग्रॅम अडकला असं लोकांना वाटणार. म्हणून यादीवरून सेट बनवायची वेगळी वाट ठेवा: यादी सॉर्ट करा, शेजारी शेजारी आलेले सारखे घटक गाळा, उरलेला ॲरे जसाच्या तसा उचला.

एकदा सॉर्ट केलेलाच आहे तर क्रमवारच का ठेवू नये? हा दुसरा प्रकार. शोध बायनरी सर्चने: मधला बघा, लहान-मोठं ठरवा, अर्धा भाग सोडून द्या. हजार घटकांत दहा तुलनांत निकाल. घालताना मात्र योग्य जागा करून पुढचे सरकवावे लागतात, आणि काढताना शेवटचा उचलून टाकायची युक्ती चालत नाही. सी++ मध्ये बूस्ट या ग्रंथालयाचा फ्लॅट-सेट असाच आहे, आणि सी++२३ पासून तो मूळ ग्रंथालयातही आला. घटक एकदा भरले आणि मग फक्त विचारायचे, अशा कामाला हा प्रकार छान. दोन क्रमवार सेटांतले सामाईक घटक शोधायचे तर दोन बोटं दोन ॲरेंवर ठेवून एकाच फेरीत काम होतं. ज्या बोटाखाली लहान घटक, ते पुढे.

बायनरी सर्च स्वतः लिहिणार असाल तर मध्य काढताना (डावा + उजवा) / २ करू नका, डावा + (उजवा - डावा) / २ करा. बेरीज ३२-बिट आकड्याच्या मर्यादेबाहेर गेली की ऋण होते. लहान सेटमध्ये हे कधीच घडणार नाही, कबूल. पण नेमकी हीच चूक जावाच्या मूळ ग्रंथालयात वर्षानुवर्षं लपून होती आणि २००६ साली चव्हाट्यावर आली. हाताला चांगली सवय लागलेली बरी.

लहान म्हणजे नक्की किती?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि सगळ्यांना एक आकडा हवा असतो. तो देता येत नाही, कारण तुम्ही वेळ वाचवताय की मेमरी यावर तो ठरतो. दुसऱ्यांनी रेघ कुठे मारली ते बघा म्हणजे कळेल.

स्काला या भाषेत चार घटकांपर्यंतच्या न बदलणाऱ्या सेटांना स्वतःचे वेगळे क्लास आहेत. पाचवा आला की हॅशसेट. तिथे ॲरेसुद्धा नाही, घटक थेट फील्डांत. एलएलव्हीएमच्या (कंपाइलर बनवायच्या साहित्याच्या) स्मॉलसेटमध्ये मर्यादा तुम्ही सांगायची, पण ३२ पेक्षा जास्त सांगितलीत तर कोड कंपाइलच होत नाही. हे दोघे वेगाचा विचार करतात. रेडिस हा मेमरीत चालणारा डेटाबेस मेमरी वाचवतो. सगळे घटक पूर्णांक असतील तर साधारण ५१२ पर्यंत तो ते क्रमवार ॲरेतच ठेवतो, आणि आकडे लहान असतील तर प्रत्येकाला दोनच बाइट देतो. मोठा आकडा आला की अख्खा ॲरे चार किंवा आठ बाइटचा होतो. रोअरिंग बिटमॅप या आकड्यांचे सेट दाबून साठवणाऱ्या रचनेची रेघ ४०९६ वर आहे आणि ती शुद्ध गणिताची आहे: तिथे एक घटक दोन बाइटचा, ४०९६ घटकांचे ८१९२ बाइट, आणि त्याच पल्ल्याचा संपूर्ण बिटमॅपही (प्रत्येक शक्य आकड्याला एक बिट) बरोबर ८१९२ बाइटचा. त्यापुढे ॲरे ठेवणं तोट्याचं.

माझा स्वतःचा ढोबळ नियम: आठपर्यंत डोळे मिटून ॲरे, तीसेकपर्यंत बहुधा ॲरे, त्यापुढे मोजून बघा. मोजताना एकटा सेट घेऊन लाख वेळा शोध करायची चाचणी लिहू नका. तिथे सगळं आधीच जवळच्या मेमरीत येऊन बसलेलं असतं, आणि हॅश उगाच देखणा दिसतो. खऱ्या प्रोग्रॅममध्ये घालून बघा. आणि त्याच्याही आधी, मी उशिरा केलं ते तुम्ही आधी करा: तुमच्या सेटांचे आकार छापून पाहा.

माझ्या आलेखात हजारो शेजारी असलेले काही नोड होते, ते आठवतात का? त्यांच्यासाठी ॲरे म्हणजे शिक्षा होती. म्हणून शेवटी "घाल"मध्ये एक अट आली. मोजणी १६ झाली आणि आणखी नवा घटक आला की सगळे घटक हॅशसेटमध्ये ओतायचे आणि पुढची सगळी कामं त्याच्याकडे ढकलायची. परत खाली आणायच्या फंदात पडू नका. पंधरा-सोळाच्या आसपास घुटमळणारा सेट दर वेळी रूप बदलत बसेल.

हॅशसेटकडे जायची ही वाट ठेवली नसेल आणि घटक किती येतील हे बाहेरचा माणूस ठरवत असेल, म्हणजे पाठवलेली विनंती, अपलोड केलेली फाइल वगैरे, तर नुसता ॲरे-सेट तिथे लावूच नका. कुणीतरी मुद्दाम लाख घटक पाठवेल आणि वरचं ५०० कोटींचं गणित तुमच्या सर्व्हरवर होईल.

आणि घटक ठरलेल्या मोजक्या नावांतूनच येणार असतील, जसं वाचणं-लिहिणं-चालवणं अशा परवानग्या, तर ॲरेही नको. एकेका नावाला एकेक बिट द्या. जावाचा एनमसेट ६४ नावांपर्यंत अख्खा सेट एका ६४-बिट आकड्यात ठेवतो.

शेवटची पायरी: भाषेतल्या सेटशी जुंपून द्या

हाताने दहा उदाहरणं लिहून चाचणी करू नका, तुमच्या मनात जे येईल तेच तुम्ही तपासाल. भाषेतला तयार सेट घ्या, शेजारी तुमचा ठेवा. रँडम आकडा काढा, रँडमच ठरवा की घालायचा, काढायचा की विचारायचा, आणि तेच काम दोघांना सांगा. उत्तरं वेगळी आली किंवा मोजणी जुळली नाही की थांबा. अशा लाखभर फेऱ्या क्षणात होतात.

यात दोन बारकावे. आकड्यांचा पल्ला लहान ठेवा, वीस वेगवेगळे आकडे पुरेत. कोटींतून निवडत बसलात तर तोच आकडा पुन्हा येणारच नाही, आणि "आधीपासून आहे" किंवा "असलेला काढला" या वाटा कधी चालवल्याच जाणार नाहीत. पण हा पल्ला ० ते १९ ठेवू नका. मी तेच केलं होतं, आणि दोन बरोबरच्या चिन्हांची ती चूक लाखभर फेऱ्यांतून सहीसलामत निघाली. १००० ते १०१९ ठेवा. आणि फेरी सुरू करताना रँडमचं बीज, म्हणजे ज्या आकड्यावरून पुढचे सगळे रँडम आकडे निघतात तो, छापा. नाहीतर चूक एकदा दिसेल, आणि पुन्हा चालवलं की गायब.